अधिकार, समकक्षता आणि गाळलेली पायरी

'अधिकार' हा शब्द आज मराठीत हक्क या अर्थाने रूढ असला, तरी मीमांसा आणि वेदान्त या दर्शनांत तो पात्रतेचा वाचक आहे. अमुक विद्या कोणी शिकावी, या प्रश्नाच्या चर्चेला तेथे अधिकारविचार म्हणतात. अर्थित्व, म्हणजे विद्येची इच्छा, आणि सामर्थ्य, म्हणजे ती पेलण्याची शक्ती, ही अधिकाराची कारणे होत. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील, शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारणाऱ्या अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी मात्र सामर्थ्याचेही दोन प्रकार केले : केवळ लौकिक सामर्थ्य पुरेसे नाही, उपनयन आणि त्यानंतरचे वेदाध्ययन अशा विहित मार्गाने आलेले शास्त्रीय सामर्थ्यच हवे, असा त्यांचा निर्णय आहे.

विधी महाविद्यालयांच्या प्रवेशात पदवीच्या समकक्षतेवरून, म्हणजे एक पदवी दुसरीच्या तोडीची मानावी की नाही यावरून, जे वाद न्यायालयात जातात, ते या भेदापासून फार दूर नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतील नियम 5 प्रमाणे तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी मान्य विद्यापीठाची पदवी लागते. परंतु मूलभूत अर्हता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी या प्रवेशास चालत नाही, असे त्याला जोडलेले स्पष्टीकरण सांगते. आक्षेप दूरशिक्षणाला नाही, कारण बारावीनंतर पत्रद्वारा घेतलेली पदवी ग्राह्य धरली जाते. आक्षेप आहे तो गाळलेल्या पायरीला.

ही पायरी गळते कशी, हे बीड जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, नवराबायकोची जोडी तेथे 'एक कोयता' म्हणून मोजली जाते, आणि मुलांची शाळा ऐन सत्रात सुटते. अशा शाळा सुटलेल्यांसाठीच 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, बारावी नसली तरी पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट खुली केली. राज्याने एका हाताने उघडलेले दार विधिशिक्षणाच्या नियमाने दुसऱ्या हाताने लोटावे, हा या व्यवस्थेतील खरा अंतर्विरोध आहे.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाईशी ज्यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे, त्या मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इ. स. 1188 मध्ये, 'विवेकसिंधु' रचून अद्वैत वेदान्त मराठीत आणला. संस्कृताची पायरी न चढलेल्यालाही ब्रह्मविद्या कळू शकते, हे या कृतीचे गृहीतक होते. आणि मराठी तत्त्वविचाराचा तो आरंभ आहे, ही गोष्ट अधिकारविचाराच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

तरीही दोन्ही बंधने एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. अपशूद्राधिकरणातील निषेध जन्मावर आधारलेला, म्हणून कोणत्याही प्रयत्नाने न ओलांडता येणारा होता. बारावीची उणीव मात्र सतरा नंबरचा फॉर्म भरून, खासगीरीत्या परीक्षा देऊन, भरून काढता येते. दोष नियमाच्या अस्तित्वात नसून तो कोणत्या क्षणी सांगितला जातो, यात आहे. मुक्त विद्यापीठात नाव घालतानाच ही मर्यादा कळली, तर ती अट ठरते. वकिलीचे दार ठोठावल्यावर कळली, तर तीच शिक्षा होते.

गुरू नानक देव विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये, पहिली पदवी न घेता दूरशिक्षणाने एम. ए. झालेल्या विधी विद्यार्थ्याविषयी हाच विवेक केला. समकक्षता ही तांत्रिक शैक्षणिक बाब असून ती गृहीत धरता येत नाही, विद्यापीठाने ती विशिष्ट आदेशाने किंवा ठरावाने ठरवली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने मांडले; परंतु विद्यार्थ्याने काहीही लपवले नव्हते आणि त्याला प्रवेश विद्यापीठाच्याच विभागाने दिला होता, म्हणून तो प्रवेश नियमित समजावा, त्याला परीक्षेस बसू द्यावे आणि परीक्षा झाली असल्यास निकाल जाहीर करावा, असा आदेश दिला.