पांखरांचें अन्न आणि आमची भाकर



गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीपुढें मीं आकाशांतील पांखरांविषयींच्या प्रभूच्या वचनावर उपदेश केला. उपासना संपल्यावर एक वृद्ध बहीण मजजवळ येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, पांखरांना देव चारतो म्हणतां, मग आमच्या धाकल्याला कां नाहीं चारलं?" सन १९७२ च्या दुष्काळांत तिचें कुटुंब खडी फोडावयास गेलें होतें. लाल मिलो व सुकडी खाऊन दिवस काढीत असतां तिचा दोन वर्षांचा भाऊ हगवणीनें दगावला. अशा वेळीं देण्यासाठीं जीं उत्तरें मला पाठ आहेत, त्यांतील एकही त्या वेळीं तोंडांतून निघेना.

एक उत्तर तर कोणीही देऊं नये. दुष्काळ हें पापाचें फळ, असें म्हणणारे उपदेशक अद्याप आपणांत आहेत. ईयोबाचे मित्र हेंच म्हणाले, आणि देवाचा कोप त्यांच्यावर झाला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं, असें स्वतः प्रभूनें सांगितलें. शिवाय, हें उत्तर देणारा मनुष्य बहुधा पोटभर जेवलेला असतो.

पांखरांचें वचनही आपण अर्धेंच वाचतों. ज्या प्रभूनें पांखरांच्या अन्नाविषयीं सांगितलें, त्यानेंच भूमीवर पडणाऱ्या चिमणीविषयींही सांगितलें. एकही चिमणी पडणार नाहीं, असें वचन त्यानें दिलें नाहीं. ती पडते तेव्हां पित्याला ठाऊक असतें, एवढेंच सांगितलें. तो स्वतःही अरण्यांत चाळीस दिवस उपाशी राहिला.

आतां आपल्याच मुलखाकडे पाहूं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें माणसें मरत असतां हिंदुस्थानांतील धान्य जहाजांतून परदेशीं जातच होतें. सरकारी कामावरील मजुरांचें रोजचें धान्य एका रत्तलावर, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅमवर, आणलें गेलें. तेव्हां १८७७ च्या आरंभीं आपल्या मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर काम सोडून गेले. पाऊस पडला नाहीं हें खरें, पण धान्य मनुष्यांनीं दूर नेलें. १९७२ सालींही पाऊस पडला नाहीं. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लक्ष लोकांस दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मानानें भूकबळी फारच थोडे झाले. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदाही झाला. दोन्ही वेळां आकाश तेंच होतें. म्हणून देवानें अन्न कां दिलें नाहीं असें विचारण्यापूर्वीं, दिलेलें अन्न कोठें अडलें, हें विचारणें मला प्रामाणिकपणाचें वाटतें. मिसरांत योसेफानें सात वर्षें धान्य सांठविलें, तीही देवाचीच तरतूद होती. पण कोठारें मनुष्यांनीं बांधलीं व मापें मनुष्यांनीं भरलीं.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकर मागणारा "माझी" म्हणत नाहीं, "आमची" म्हणतो. ज्याच्या कणगींत पायलीभर ज्वारी आहे त्यानेंही तें शेजाऱ्याच्या रित्या चुलीसकट म्हणावयाचें असतें. अंत्युखियाच्या मंडळीस दुष्काळाचें भाकीत कळलें, तेव्हां देवानें असें कां करावें याचा वाद तिनें घातल्याचें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं; प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें यहूदीयांतील भावांस मदत पाठविली. आपल्या किती मंडळ्यांत सुगीच्या सणाला आलेलें धान्य गांवांतील उपाशी घरीं पोहोंचतें, हें पंचांनीं पुढील सभेंत एकदां मोजून पाहावें.

परंतु एवढें सांगूनही त्या बहिणीचा प्रश्न संपत नाहीं. कायदा झाला, कामें निघालीं, सुकडी वांटली गेली, तरी तिचा भाऊ गेलाच. त्याच्यापुरतें माझ्यापाशीं उत्तर नाहीं, आणि असल्याचा आव मीं आणला नाहीं. मीं तिला त्याचें नांव विचारलें. पन्नास वर्षांत तें कोणी विचारलें नव्हतें, असें ती म्हणाली. आणि मग मंदिराच्या पायरीवर बसून तो कसा रांगे, कसा हंसे, हें ती दिवेलागणीपर्यंत सांगत राहिली.