घेणाऱ्याचं बळ

रग्बीचा एक नियम पहिल्यांदा ऐकला की नवल वाटतं. धावायचं पुढे, पण हातातला चेंडू सहकाऱ्याकडे फेकायचा तो मागेच. पुढे फेकला की चूक धरली जाते. पंधरा जणांचा संघ असा मागे देत देत पुढे सरकतो. या साखळीच्या अगदी टोकाला, मैदानाच्या कडेच्या रेषेला लागून, विंगर उभा असतो. मध्यभागी रेटारेटी चाललेली असते, चेंडूसाठी अंगांचे ढीग पडत असतात, आणि हा तिकडे डोळे लावून वाट बघत असतो. खो-खोमध्ये पाठीवर खो पडल्याशिवाय बसलेल्या खेळाडूला उठता येत नाही, तशीच याची गत. शेवटची धाव त्याची असते, टाळ्याही त्यालाच मिळतात. पण त्याआधी कुणीतरी मार खाऊन, चिखलात लोळून चेंडू त्याच्यापर्यंत पोचवलेला असतो.

या जागेवर खेळून जगभर गाजलेलं नाव म्हणजे न्यूझीलंडचा जोना लोमू. त्याची ताकद सगळ्या जगाने पाहिली. मला मात्र त्याच्या आयुष्यात दुसरीच एक गोष्ट मोठी वाटते, ती म्हणजे त्याचं घेणं.

1975 साली ऑकलंड परिसरात टोंगन आईवडिलांच्या पोटी तो जन्मला. लहानपणीची काही वर्षं टोंगामध्ये नातेवाइकांकडे गेली. पुढे तो दक्षिण ऑकलंडच्या मँगेरे भागात वाढला. तिथे टोळ्यांच्या मारामाऱ्या नेहमीच्या होत्या आणि घरात वडिलांचा मार होता. वेस्ली कॉलेज या निवासी शाळेने त्याला त्या वातावरणातून बाहेर काढलं. अंगातली धग खेळाकडे वळली. शाळेत तो फॉरवर्ड म्हणून खेळायचा. फॉरवर्ड चेंडूसाठी स्वतः झुंजतात, ओरबाडून तो मिळवतात. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक लॉरी मेन्स यांनी त्याला कडेला नेलं आणि विंगर केलं. 26 जून 1994 रोजी क्राइस्टचर्चला फ्रान्सविरुद्ध तो पहिली कसोटी, म्हणजे देशाकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना, खेळला. वय 19 वर्षं 45 दिवस. इतक्या लहान वयात न्यूझीलंडकडून कसोटी तोवर कुणीच खेळलं नव्हतं. ती कसोटी न्यूझीलंड हरलं, पुढचीही हरलं. कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं आणि कधी निघायचं, हे विंगरचं शहाणपण त्याच्याकडे अजून आलेलं नव्हतं. अंगात बळ मुबलक होतं. ज्याला स्वतः मिळवायची सवय आहे, त्याला वाट पाहणं शिकावं लागतं.

ते तो वर्षभरात शिकला. 1995 चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला. 18 जूनला केप टाउनच्या न्यूलँड्स मैदानावर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना होता. खेळ सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. डाव्या कडेला लोमूकडे पास आला, पण तो धड नव्हता. चेंडू त्याच्या मागे पडला आणि टप्पा खाऊन उडाला. लोमूला धाव मोडून वळावं लागलं. त्याने चेंडू उचलला तेव्हा तोंड पुरतं पुढेही नव्हतं. मग तो फिरला. समोरच्या टोनी अंडरवुडला त्याने बाहेरच्या बाजूने मागे टाकलं. इंग्लंडचा कर्णधार विल कार्लिंग मागून झेपावला, लोमूचा तोल गेला, तो अडखळला आणि तसाच अडखळत थेट इंग्लंडच्याच माइक कॅटच्या अंगावरून गेला. कॅट खाली आडवा आणि लोमू रेषेपलीकडे. त्या सामन्यात त्याने असे चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. न्यूझीलंड 45-29 असं जिंकलं.

रग्बीचे शौकीन हा ट्राय आजही पाहतात तो कॅटला तुडवून जाणाऱ्या लोमूसाठी. पण आधीचा क्षण बघण्यासारखा आहे. मिळालेला पास वाईट होता. एखाद्याने हात वर करून देणाऱ्याकडे रागाने पाहिलं असतं. लोमू वळला आणि जसा आला तसा चेंडू त्याने घेतला. मिळणारी गोष्ट हवी त्या क्षणी, हवी तशी, नेमकी हातात पडत नाही. तिच्यासाठी वळावं लागतं, कधी वाकावं लागतं.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंनी त्याला एकही ट्राय करू दिला नाही. जादा वेळेत न्यूझीलंड 15-12 असं हरलं आणि नेल्सन मंडेला यांच्या हातून करंडक यजमानांकडे गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी रग्बी युनियनने व्यावसायिक खेळाची दारं अधिकृतपणे उघडली. तोवर हा खेळ पैशाविना खेळायचा अशी रीत होती. वीस वर्षांचा लोमू त्या नव्या युगाचा चेहरा ठरला. सुमारे 1.96 मीटर उंची, 115 किलोंहून जास्त वजन, आणि शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत धावणारे पाय. इतकी उंची, इतकं वजन आणि इतका वेग एका देहात मावतो, हे लोकांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच देहात आतून पडझड सुरू झालेली होती. 1995 च्या अखेरीस त्याला नेफ्रोटिक सिंड्रोमचं निदान झालं. मूत्रपिंडातली गाळणी सैल होते. रक्तात राहायला हवीत ती प्रथिनं लघवीवाटे निघून जातात, अंगावर सूज चढते, थकवा येतो. लोक ज्याला थोपवता न येणारा म्हणत होते, त्याच्या शरीराला स्वतःची प्रथिनं थोपवता येत नव्हती. उपचारांसाठी 1997 मधला बराच काळ तो मैदानाबाहेर राहिला. परत आला तो 1998 च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या, रग्बीचं सुवर्णपदक मिळवण्यासाठी. 1999 च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले. आधीचे सात धरून विश्वचषकातले ट्राय झाले पंधरा. पुढे 2015 साली दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने त्या आकड्याची बरोबरी साधली.

2000 सालच्या सिडनीतल्या एका सामन्याची आठवण काढायलाच हवी. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती कसोटी पाहायला 1,09,874 लोक आले होते. पहिल्या काही मिनिटांतच न्यूझीलंड 24-0 असं पुढे गेलं होतं. मध्यंतराला गुण 24-24. अखेरच्या मिनिटांत न्यूझीलंड एका गुणाने मागे होतं. सहकारी टेन रँडेलने पास सोडला, तो कडेला उभ्या लोमूच्या हातात आला. लोमू कडेच्या रेषेच्या आतल्या वीतभर जागेतून तोल सांभाळत धावला आणि ट्राय करून आला. 39-35. ऐंशी मिनिटांच्या खेळात कितीतरी हातांतून फिरलेला चेंडू शेवटी त्याच्याकडे आला, आणि त्याने तो वाया जाऊ दिला नाही.

63 कसोटी आणि 37 ट्राय अशी त्याची कसोटी कारकीर्द 2002 च्या नोव्हेंबरात संपली. पुढच्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. ज्या घरात डायलिसिस आहे त्या घराला हे वेगळं सांगायला नको. ठरलेल्या दिवशी जायचं, हातात सुया घ्यायच्या, चारेक तास यंत्राला जोडून बसायचं, घरी येऊन थकून पडायचं, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. त्याच्या पायांतल्या मज्जातंतूंना इजा झाली होती. प्रत्यारोपण झालं नाही तर चाकाच्या खुर्चीत बसावं लागेल, असा इशारा डॉक्टरांनी दिला होता. न्यूलँड्सवर इंग्लंडची बचावफळी कापत गेलेले ते पाय, आता साधं चालताना अडखळत होते.

त्या वेळी वेलिंग्टनचा रेडिओ निवेदक ग्रँट केरीयामा पुढे आला. तो लोमूचा रक्ताचा नातेवाईक नव्हता, मित्र होता. 28 जुलै 2004 रोजी त्याचं एक मूत्रपिंड लोमूच्या शरीरात बसवलं गेलं.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. देणाऱ्याचं मोठेपण सांगायला आपण कमी करत नाही, आणि ते योग्यच आहे. धडधाकट माणसाने दुसऱ्यासाठी स्वतःच्या अंगावर शस्त्रक्रिया करून घ्यायची, ही लहान गोष्ट नव्हे. रग्बीत पास देणाराही अनेकदा पास देता देताच प्रतिस्पर्ध्याच्या टॅकलखाली जमिनीवर आपटतो. मार त्याला बसतो आणि चेंडू पुढच्याकडे जातो. पण घेणाऱ्याच्या मनाचं काय? ज्याने आयुष्यभर आपल्या बळावर माणसं बाजूला सारली, त्याने पडून राहायचं आणि दुसऱ्याच्या देहाचा तुकडा स्वीकारायचा, यालाही मन मोठं लागतं.

आपल्याकडे घेण्याला फारसा मान नाही. कुणापुढे हात पसरू नये, कुणाचं मिंधं राहू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात स्वाभिमान आहे आणि तो जपावा. पण त्याच्या आडून कधी कधी अहंकारही येऊन बसतो. जन्मभर घर ओढलेले वडील म्हातारपणी मुलाने काठी आणून दिली तर ती कोपऱ्यात उभी करून ठेवतात. उभ्या घराला वाढणारी आई तापात फणफणली असतानाही सुनेच्या हातचा पेला घ्यायला अवघडते. देण्याचा हक्क आपण स्वतःकडे ठेवतो आणि समोरच्याला मात्र देऊ देत नाही. त्याच्याही मनात आपल्यासाठी काही करायची ओढ असते. ती आपण परतवून लावतो आणि त्याला स्वाभिमान म्हणतो. माझ्या मते सशक्त माणसाची खरी परीक्षा तो किती उचलतो इथे संपत नाही. गरज पडल्यावर तो मान ताठ ठेवून, मन कडू होऊ न देता, घेऊ शकतो का, इथेही ती होते.

घेणं म्हणजे नुसतं हातात पडू देणंही नव्हे. विंगरने चेंडू घेतला आणि तिथेच उभा राहिला, तर आधीच्या सगळ्यांचे कष्ट मातीत जातात. लोमूने मिळालेल्या मूत्रपिंडाचं काय केलं, तेही पाहायला हवं. तो पुन्हा मैदानात उतरला. 2005 मध्ये वेल्सच्या कार्डिफ ब्लूजकडून, मग मायदेशी नॉर्थ हार्बरकडून तो खेळला. पूर्वीचा वेग परतला नाही आणि देशाच्या संघातही त्याला पुन्हा जागा मिळाली नाही. तरी ज्या माणसाला चालता येईल की नाही अशी शंका होती, तो पहिल्या दर्जाची रग्बी खेळत होता. मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल तो लोकांशी बोलत राहिला. त्या उसन्या वर्षांतच त्याला दोन मुलगे झाले.

2011 मध्ये ते मूत्रपिंड निकामी झालं. तो पुन्हा डायलिसिसवर आला. 2015 च्या विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडमध्ये कार्यक्रम करतानाही उपचार चालूच होते. मुलांच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत जगायची त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. 18 नोव्हेंबर 2015 रोजी ऑकलंडला तो गेला, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. मुलं सहा आणि पाच वर्षांची होती.

मग ते दान वाया गेलं का? सात वर्षं, असा हिशेब मांडला तर थोडं वाटेल. पण त्या सात वर्षांत दोन मुलांना बाप मिळाला. त्यांनी त्याला पाहिलं, त्याच्या अंगाखांद्यावर ती खेळली. दान किती वर्षं टिकलं यापेक्षा त्या वर्षांत काय उगवलं, हे मोजायला हवं.

केरीयामाचं ऋण लोमूला फेडता येणं शक्यच नव्हतं. अशा देण्याला परतफेड नसते. आपल्यालाही जे मोठं मिळालेलं असतं, आईवडिलांचं राबणं, एखाद्या शिक्षकाने दिलेली संधी, अडल्या वेळी मित्राने दिलेला हात, त्याची बरोबरीने भरपाई कधीच होत नाही. घेणाऱ्याच्या हाती एकच गोष्ट असते: मिळालेलं पडू न देणं, त्याचा पुरेपूर उपयोग करणं. उपकाराचं ओझं वाटतं ते आपण मिळालेलं नुसतं धरून बसतो तेव्हा. ते कामाला लावलं की घेणाऱ्याची लाज सरते आणि देणाऱ्याच्या कष्टांना अर्थ येतो. म्हणून आज कुणी आपल्यासाठी काही पुढे केलं, आणि आपल्याला त्याची खरोखर गरज असली, तर नको नको म्हणत मागे सरू नये. दोन्ही हातांनी घ्यावं आणि त्याचं सोनं करावं.