ज्याला विचारता येत नाही

घरातील कुत्र्याला कर्करोग झाला तर त्यावर किती उपचार करावेत, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी कोणी आमच्यापुढे ठेवला असता तर आम्ही तो हसण्यावारी नेला असता. १९८७ च्या दुष्काळात ज्याने गुरांच्या छावण्यांतील जनावरे रोज मोजली आणि रोज काही कमी झालेली पाहिली, त्याला एका कुत्रीच्या दुखण्याचे काय, असेही आम्ही म्हणालो असतो. परंतु छावणीतील जनावर आकड्यात असते आणि घरातले उंबऱ्यावर असते. आकड्याला सोडवणारा नियम उंबऱ्यावर उपयोगी पडत नाही, हे आम्हांला उशिरा कळले.

तांबी आमच्याकडे २००७ साली आली. जात विचाराल तर गावठी. बडोद्याच्या जुन्या वस्तीत गटाराच्या कडेला सापडलेले तांबूस पिल्लू. २००९ साली आमच्या पत्नीवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली व पुढे केमो सुरू झाली. त्या महिन्यांत ही दोन वर्षांची कुत्री पलंगाच्या पायथ्याशी पडून असे. ओकारी झाली की उठून बाहेर जाई आणि सारे निवळले की परत येई. तिला काय कळत होते हे आम्ही सांगू शकत नाही. कुत्र्याच्या मनात आपल्या सोयीच्या भावना भरण्याचा मोह मोठा असतो. एवढेच खरे की ती तिथे होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात तिला आंघोळ घालताना आमच्या बोटांना मागच्या सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ लागली. आता कबुली द्यावयाची ती इथे. आम्ही ती गाठ कोणालाही सांगितली नाही. चरबीची असेल, वय झाले, असे स्वतःस समजावले. खरे कारण निराळे होते. सात वर्षांपूर्वी जो शब्द या घरात उच्चारला गेला होता तो पुन्हा उच्चारला जाऊ नये, एवढीच आमची इच्छा होती. पाच महिन्यांनी पत्नीच्याच हाताला ती लागली, तेव्हा लिंबाएवढी झाली होती.

पशुवैद्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. ज्या माद्यांची नसबंदी झालेली नाही त्यांच्यात स्तनाच्या गाठी हा सर्वांत जास्त आढळणारा अर्बुदाचा प्रकार. त्यांतील साधारण निम्म्या घातक निघतात. गाठ तीन सेंटिमीटरहून लहान असताना काढली तर पुढचे आयुष्य बरे जाण्याची आशा अधिक. त्या तीन सेंटिमीटरांच्या कोणत्या बाजूला आम्ही पाच महिने घालवले, हे त्यांना ठाऊक नव्हते व आम्ही सांगितले नाही.

नसबंदीचेही तसेच. पहिल्या माजापूर्वी ती केली तर हा रोग क्वचितच होतो, असे १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले होते आणि पुढची अनेक दशके तेच आकडे पाठ म्हटले गेले. २०१२ मध्ये सर्व पुरावा पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो समजला जात होता तितका भक्कम नाही असा निष्कर्ष निघाला. हे वाचून आम्हांला क्षणभर बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाज वाटली. निसर्गात ढवळाढवळ नको म्हणून आम्ही तिची नसबंदी टाळली होती. गळ्यात पट्टा घालून तिला दुसऱ्या मजल्यावर ठेवताना मात्र तो निसर्ग आम्हांला आठवला नव्हता.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरली. दीड वर्ष तिचे चांगले गेले. २०१८ च्या पावसाळ्यात खोकला लागला. छातीचा एक्स-रे काढला, तो आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखविला. फुप्फुसांत गाठी पसरल्या होत्या. केमो देऊन पाहता येईल, खात्री नाही, असे डॉक्टर म्हणाले. औषधाचे नाव ऐकताच पत्नीने विचारले, “ते लाल रंगाचं का?” तेच होते. माणसाला आणि कुत्र्याला ते एकच औषध देतात.

या एकपणाबद्दल थोडे विषयांतर करावेसे वाटते. कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपलीच हवा घेतो, आपल्या विडी-सिगारेटचा धूरही घेतो, आणि त्याला होणारे कित्येक कर्करोग माणसाच्या कर्करोगासारखेच वागतात. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाळीव कुत्र्यांच्या रोगावरून माणसाच्या रोगाचा शोध घेण्याचा स्वतंत्र कार्यक्रम २००३ साली सुरू केला. आपल्या अंगणातील सदाफुली घ्या. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. भटक्या कुत्र्यांत समागमातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा एक विलक्षण कर्करोग आहे. त्यात रोग्याच्या स्वतःच्या पेशी बिघडत नाहीत. हजारो वर्षांपूर्वीच्या कोण्या एका कुत्र्याच्या पेशीच या अंगातून त्या अंगात जिवंत चालत आलेल्या आहेत. त्यावरही हेच सदाफुलीचे औषध चालते. आमच्या गल्लीतील एक कुत्रा आठवड्याला एक याप्रमाणे पाच इंजेक्शनांत बरा झालेला आम्ही पाहिला. तिथे नैतिक प्रश्न नव्हता. त्रास थोडा आणि गुण येण्याचा भरवसा मोठा, तेव्हा त्याचे तोंड धरून सुई टोचायला कोणाची हरकत? जिथे भरवसा नाही आणि त्रास मात्र निश्चित, तिथे प्रश्न उभा राहतो.

पत्नीचे म्हणणे स्पष्ट होते. “मला सुई टोचायचे तेव्हा ती कशासाठी ते मला ठाऊक असायचं. मी दिवस मोजत होते. ही काय मोजणार? हिला वाटेल, ही माणसं मला धरून टोचतात.” आम्हांला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. डॉक्टरांनी मात्र दुसरी बाजू मांडली, आणि तीही खोटी नव्हती. कुत्र्यांना औषधाची मात्रा बेताची देतात, कारण हेतू रोग मुळापासून उपटण्याचा नसून बरे दिवस मिळविण्याचा असतो. बहुतेकांचे केस गळत नाहीत, ओकाऱ्याही माणसाइतक्या होत नाहीत. शिवाय जिला कारण कळत नाही तिला पुढच्या सुईची भीतीही आठ दिवस आधीपासून वाटत नाही. म्हणजे न कळणे हे दुधारी आहे. अर्थ नसल्याने दुःख अधिक आंधळे होते आणि धास्ती नसल्याने ते थोडके राहते. पत्नी स्वतःचे शरीर आठवून तांबीविषयी बोलत होती, आणि आम्ही पत्नीचे शरीर आठवून. तांबीच्या शरीराविषयी कोण बोलत होते?

खर्चाविषयी नातलगांनी काय काय सुनावले ते इथे सांगत नाही. पैसा आमचा होता आणि तो कुठे खर्चावा हा त्यांचा प्रश्न नव्हता.

शेवटी केमो दिली नाही. वेदनाशामक औषधे दिली. आश्विनात तिने खाणे सोडले. मग तिला आडवे होता येईना. फुप्फुसांत जागा उरली नाही की आडवे पडल्यावर श्वास कोंडतो. डॉक्टर म्हणाले, आता वेळ झाली, तुम्ही सांगाल तेव्हा घरी येतो. आम्ही उभयतांनी सांगितले, नऊ दिवसांनी या. दिवाळीला आमची नात पुण्याहून यावयाची होती आणि तिला तांबी भेटावी असे आम्हांला वाटत होते. त्या नऊ रात्री तांबी पुढच्या पायांवर तोल सावरून बसून राहिली. डोळे मिटत, मान खाली येई आणि दचकून ती पुन्हा वर करी. नात आली, तिने तांबीच्या डोक्यावरून हात फिरविला आणि फटाके पाहायला गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली. तेव्हा अनेक दिवसांत प्रथमच ती आडवी झाली.

जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे म्हणणारे सज्जन आम्हांला भेटले. ही भूमिका क्षुद्र नव्हे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होते. गांधीजींनी आश्रमीयांशी चर्चा करून डॉक्टरांकडून त्याला विषाचे इंजेक्शन देवविले, आणि गुजरातभर गहजब झाला. संतापाची पत्रे आली. गांधीजींनी आपल्या नियतकालिकांतून उत्तर दिले की ही हिंसा नव्हे, या परिस्थितीत हीच अहिंसा. त्यांना विरोध करणाऱ्यांच्या मनात वासराविषयी कणव कमी होती असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्या म्हणण्यात एक गृहीत दडलेले असते, ते हे की काही न करणे म्हणजे निर्णय न घेणे. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटणे कठीण. फाइल टेबलावर पडून राहिली म्हणजे निर्णय झाला नाही असे अर्जदाराला वाटते, पण निर्णय झालेला असतो. आम्ही पाच महिने गाठ लपविली हा निर्णयच होता, आणि नऊ रात्री हाही. दोन्ही वेळा रोग तिचा होता आणि सोय आमची.

१९६० च्या प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात तेरावे कलम आहे. ज्या पीडित जनावराला जिवंत ठेवणे हेच क्रौर्याचे ठरेल त्याचा तत्काळ अंत करण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याला देता येतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आम्ही ते कलम वाचले होते. वापरण्याची वेळ आली नाही. माणसाच्या बाबतीत कायदा अर्थातच असे म्हणत नाही. मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी २०११ मध्ये, आणि पुढे २०१८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबविण्यास काही अटींवर मान्यता दिली, इंजेक्शनाला नाही. हा फरक आम्हांला योग्य वाटतो, पण माणसाचा जीव मोलाचा आणि कुत्र्याचा स्वस्त म्हणून नव्हे. माणसाला विचारता येते. जोवर विचारता येते तोवर दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरविणे हा अतिक्रम आहे, आणि जिथे विचारताच येत नाही तिथे ठरविण्याचे ओझे टाळता येत नाही.

इथवर विचार आला आणि आमची आई आठवली. १९८३ साली तिला जठराचा कर्करोग झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला सांगितले नाही. वडील, काका आणि डॉक्टर ओसरीवर उभे राहून हळू आवाजात ठरवीत, आणि खोलीत येऊन तिला अल्सर आहे, पथ्य पाळ, असे सांगत. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आत असलो तरी त्या ओसरीवर आम्हांलाही जागा होती. आईला नव्हती. शस्त्रक्रिया करावी की नाही, अहमदाबादला न्यावे की घरीच ठेवावे, हे सारे आम्ही ठरविले, प्रेमाने ठरविले. त्या चैत्रात तिने विचारले, “यंदा लोणचं किती घालू रे?” आम्ही म्हणालो, “नेहमीएवढंच घाल की.” तिने निम्मेच घातले. बरणी अर्धी राहिली तरी कोणी काही बोलले नाही. श्रावणात ती गेली.

तांबीला विचारता येत नव्हते. आई चौथीपर्यंत शिकलेली, घरचा हिशेब मोडी अक्षरात ठेवणारी, लग्नकार्यात सगळ्यांनी जिचा सल्ला घ्यावा अशी बाई होती. तिला विचारता आले असते. आमच्या किती जुन्या घरांत अजूनही ओसरीवरची ती कुजबूज चालते, हे वाचकांनी स्वतःशीच आठवून पाहावे. खोलीतल्या माणसाला धक्का सोसणार नाही असे कारण दिले जाते. आम्हीही तेच दिले होते. धक्का कोणाला सोसवत नव्हता ते आज आम्हांला दिसते.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढ्यावर भागते. नोकरीत आम्ही हजारो नकलांवर ‘खरी नक्कल’ म्हणून सही केली असेल; त्या वेळी असा कागद कोणी आणणे शक्यच नव्हते. गेल्या वर्षी आम्ही उभयतांनी आपापले कागद भरावयास घेतले. बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोणी ठरवावे, त्या रकान्यात पत्नीने आमचे नाव लिहिले. ते पाहून आम्हांला राहवले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यातील हरभऱ्याएवढ्या गाठीची गोष्ट आम्ही तिला तेव्हा प्रथम सांगितली.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही तिला आंघोळ घालायचं एकदम सोडलंत, तेव्हाच मला शंका आली होती. मीसुद्धा हात लावून पाहिलं नाही.”

आमच्या नावाखाली तिने मुलीचेही नाव लिहिले आणि साक्षीदार म्हणून कोणाला बोलवावे ते विचारू लागली.