उंबऱ्यापासून नागपूर

शांत बसा. पाठ टेकलीत तरी चालेल. श्वास आपल्या चालीनं येऊ द्या, जाऊ द्या.

आता नकाशा मनात आणा. नांदेडच्या श्री गुरू गोविंद सिंगजी विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत एक सरळ रेघ ओढा. सुमारे 280 किलोमीटर. वैमानिक हेच अंतर दीडशे सागरी मैल सांगेल. ही रेघ हदगावला जवळजवळ खेटून जाते. तिथं नजर थोडी रेंगाळू द्या.

तासाला सहा-सातशे किलोमीटरचा वेग धरला, तर हे अंतर अर्ध्या तासातच सरायला हवं. पण प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ धरावा लागतो. धावपट्टीच्या टोकाशी सावकाश जायचं, वाऱ्याला सामोरं होऊन उडायचं, वळसा घेऊन दिशा धरायची, मग चढायचं. उंची नीट गाठली न गाठली तोच उतरायची तयारी. हदगावच्या माथ्यावर असताना विमान अजून चढतच असतं. त्या चढण्याकडे जरा वेळ लक्ष असू द्या.

आता खाली या, हदगावच्या बसस्थानकावर. इथल्या माणसाला विमानानं नागपूर गाठायचं, तर आधी एस.टी.नं उलट दिशेला निघावं लागतं. वारंगा फाटा, अर्धापूर, मग नांदेड, पासष्ट-सत्तर किलोमीटर. तिथून उडालेलं विमान त्याला पुन्हा त्याच्याच तालुक्यावरून पुढं नेतं. खिडकीशी बसलेल्या त्या माणसाजवळ थांबा. दवाखान्याची फाईल मांडीवर धरलेली त्याची आई शेजारी आहे. तिचा प्रवास धावपट्टीवर सुरू झालेला नाही. पहाटे शेजारणीला गुरांच्या वैरणीचं सांगून तिनं उंबरा ओलांडला, तेव्हाच तो सुरू झाला.

पुढं पैनगंगा. अलीकडं मराठवाडा, पलीकडं विदर्भ. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत अलीकडं निजामाचं राज्य होतं. विमान हे पात्र काही क्षणांत ओलांडतं, पुलावरून एस.टी.लाही फार वेळ लागत नाही. पण ज्या घरानं लेक पलीकडं दिली आहे, त्या घराला पुराच्या रात्री हीच नदी किती रुंद वाटत असेल? उत्तर शोधू नका. प्रश्न नुसता मनात राहू द्या.

27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानसेवांमध्ये नांदेड–हैदराबादचा समावेश होता. या कोपऱ्यासाठी ती मोठी गोष्ट होती, असं मी मनापासून मानतो. आणि तरीही नांदेड आणि लातूर या दोन विमानतळांमध्ये आभाळातून जेमतेम सव्वाशे किलोमीटर आहेत, तिथं माणसं लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्त्यानंच जातात. विमानतळ असणं वेगळं आणि विमान मिळणं वेगळं. हदगावकर तर रुळांचीही वाट पाहत आले आहेत. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा लोहमार्ग त्यांच्या गावावरून आखलेला आहे.

आता तुमचा एखादा प्रवास आठवा. मोजायला घरापासून लागा. फाट्यापर्यंतची पायपीट, बसची वाट पाहणं, तपासणीची रांग, सामानापाशी थांबणं. एकेकाला त्याचा पुरता वेळ द्या, घाई करू नका. विमानातली मिनिटं त्यात सगळ्यात शेवटी मिळवा.