आवरून बसणे

मराठीत पसारा आवरतात, राग आवरतात, रडू आवरतात, आणि सकाळी स्नान करून धुतलेले कपडे अंगावर चढवले की माणसाचे 'आवरून' होते. खोलीतल्या वस्तू जागच्या जागी ठेवणे, मनाला लगाम घालणे आणि देहाला वस्त्र लावणे या तीन क्रियांना भाषेने एकच शब्द दिला. त्यामागे काही विचार असेल वा नसेल. परंतु 'आवरलं का?' हा प्रश्न बहुधा उंबरठ्याबाहेर पडतानाच विचारला जातो. जायचे कोठेच नसेल तर आवरायचे कशासाठी, या प्रश्नावर भाषा गप्प राहते. घरात दिवसभर एकटा राहणारा माणूस ज्या वेळी सदऱ्याची गुंडी लावतो, त्या वेळी तो ती कोणासाठी लावतो?

दिल्लीच्या करोल बागेत हा प्रश्न उपस्थित करण्याला एक वेगळे औचित्य आहे. नव्या राजधानीच्या उभारणीसाठी जी गावे उठवली गेली, त्यांतील रहिवाशांना जागा देण्याच्या निमित्ताने ही वस्ती वाढली. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तिची मोठी बाजारपेठ केली, आणि सरकारी कचेऱ्यांतून नोकरी करणारी मराठी कुटुंबेही तिच्या गल्ल्यांत बिऱ्हाडे थाटून राहिली. हकीम अजमल खान यांच्या नावाचा तेथील रस्ता आज औषधींपेक्षा वस्त्रांसाठी अधिक ओळखला जातो. काचेआड उभ्या केलेल्या पुतळ्यांच्या अंगावर लग्नाचे लेहंगे आहेत, शेरवान्या आहेत, शालू आहेत. यांतील एकही वस्त्र घरात बसण्यासाठी शिवलेले नाही. ते दुसऱ्याच्या दृष्टीसाठी आहे, आणि त्या दृष्टीचा सोहळा आटोपला की पेटीत जाणार आहे. घरात नेसायचे लुगडे किंवा घालायचा सदरा हा सहसा विकत घेतलेला नसतो. बाहेरच्या कपड्याचा रंग उडाला की तो पदावनत होऊन घरात येतो. घरासाठी जुने आणि जगासाठी नवे हा नियम इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही निवड केलेली आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि तरीही याच बाजाराच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, निवृत्त झालेला एखादा मराठी कारकून सकाळी नऊच्या सुमारास दाढी करून, इस्त्रीची विजार आणि सदरा घालून, कमरेचा पट्टा आवळून खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेला आढळतो. अशी माणसे त्या गल्ल्यांना नवी नाहीत. 'आजोबा, कुठं निघालात?' असे नातवाने विचारले, तर 'कुठं नाही रे, बसलोय' एवढेच उत्तर मिळते. नातवाला त्यात गंमत वाटते, सुनेला इस्त्रीचा फुकट खर्च दिसतो, आणि शेजारच्याला कचेरी सुटली तरी कचेरीचे भूत सुटले नाही असे वाटते. हा शेवटचा तर्क सर्वांत सोपा आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी थोडा संशय बाळगलेला बरा. सवय हे उत्तर नव्हे. माणसाच्या अनेक सवयी निवृत्तीबरोबर गळून पडतात. हीच का टिकली, हा प्रश्न उरतोच.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि जो प्रश्न निवृत्तांचा व गृहिणींचा होता तो एकाएकी सर्वांचा झाला. अजमल खान रस्त्यावरची दुकाने बंद, वरच्या मजल्यांवर माणसे बंद. कचेरी घरात आली तेव्हा तिने सोबत एक नवी वेशभूषाही आणली. कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसणारा वरचा अर्धा भाग सदऱ्याचा, आणि न दिसणारा खालचा अर्धा लुंगीचा. लोक त्यावर हसले. पण माणसाचे दोन तुकडे, एक दिसणारा म्हणून सन्मान्य आणि दुसरा न दिसणारा म्हणून कसाही चालणारा, इतक्या उघडपणे पूर्वी क्वचितच पडले असतील. त्याच एप्रिलमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर पीठापुढे एका जामिनाच्या अर्जाची सुनावणी दूरदृश्य माध्यमातून चालू असता अर्जदाराचे वकील बनियन घालून पडद्यावर आले. न्यायालयाने ते अयोग्य ठरवून सुनावणी पुढच्या तारखेवर टाकली. न्यायासनाची प्रतिष्ठा राखली गेली. परंतु जामिनासाठी अर्ज केलेल्या माणसाचे काय? वकिलाने आपल्या घरात न घातलेल्या सदऱ्याची किंमत त्याने मोजली. घरातला वेश हा ज्याचा त्याचा खाजगी मामला आहे असे म्हणणाऱ्याने या एका प्रसंगाशी थोडे थांबावे. खाजगीपणाची भिंत वाटते तेवढी जाड नसते, आणि तिच्या पलीकडे कोण उभे आहे हे आतल्या माणसाला नेहमी दिसतेच असे नाही.

पाहणारा नसतानाही आवरणाऱ्यांचा एक प्राचीन गट आहे. निक्कोलो मॅकियाव्हेली हा फ्लॉरेन्सच्या राजकारणातून बाहेर फेकला गेल्यावर गावाकडच्या शेतावर राहू लागला. १० डिसेंबर १५१३ रोजी फ्रान्चेस्को व्हेत्तोरी या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की दिवस लाकूडतोड्यांशी हुज्जत घालण्यात आणि गुत्त्यात पत्ते कुटण्यात जातो. पण संध्याकाळी अभ्यासिकेच्या दाराशी चिखलाने भरलेले कपडे उतरवून तो दरबारी वस्त्रे अंगावर चढवतो आणि मगच प्राचीनांच्या ग्रंथांपाशी बसतो. खोलीत दुसरे कोणी नाही. ज्यांच्या भेटीसाठी तो सजतो ते सारे शतकांपूर्वी मेलेले आहेत. तरीही हे नाटक नव्हे. कारण ज्या माणसाचे पद, पगार आणि शहर गेले आहे त्याच्याजवळ कोणाशी बरोबरीने बोलण्याची एवढीच जागा शिल्लक आहे, आणि त्या जागेत तो चिखलासह जाऊ इच्छीत नाही. करोल बागेतला पट्टा आवळून बसलेला कारकून आणि हा फ्लॉरेन्सचा माजी चिटणीस यांच्यात विद्वत्तेचे अंतर पुष्कळ असेल, वस्त्रामागच्या भावनेचे फारसे नसावे.

मराठी घरांना मात्र यासाठी परदेशी दाखला शोधायला नको. पारोशाने चुलीपाशी जाऊ नये, देवाला शिवू नये, हा दंडक घरातच राहणाऱ्यांसाठी होता. तिन्हीसांजेला दिवा लावण्याआधी घरातल्या बायका तोंड धुऊन, वेणीफणी करून, कुंकू नीट करून घेत; येणारी लक्ष्मी दिसणारी नव्हती, पण ती येते या विश्वासाने संध्याकाळ आणि दुपार यांत फरक पडत असे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागत असे तेव्हा स्नान करून, धूतवस्त्रे नेसून चित्रवाणी संचापुढे बसणारी आणि त्या संचालाच हार घालणारी कुटुंबे होती. पडदा आपल्याला पाहत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते असे समजणे हा शहाण्यांचा भोळेपणा होय. त्यांनी पडद्यासाठी आवरले नव्हते. ज्याची कथा ऐकायची त्याच्यासाठी आवरले होते.

परंतु येथवर येऊन वस्त्राची आरती करीत बसावे आणि विषय मिटवावा, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घरातल्या वेशाचा इतिहास हा केवळ स्वेच्छेचा इतिहास नाही. ज्या घरात तिन्हीसांजेला वेणी घातली जाई त्याच घराच्या माजघरात, केशवपन झालेली, तांबड्या आलवणातली विधवा दळण-कांडणाला जुंपलेली असे. तिला बाहेर जायचे नव्हते, कोणाला दिसायचे नव्हते. तरी तिने काय नेसावे हे ठरलेले होते, आणि ते रोज सकाळी तिने स्वतःच्या हाताने स्वतःभोवती गुंडाळायचे होते. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला, पण आलवण त्यानंतरही कितीतरी दशके घरांत राहिले. कायदा विवाहाशी बोलत होता, वस्त्राशी नव्हे. घरात रोज नीट आवरणे हा आत्मसन्मान आहे, असे विधान या स्त्रीसमोर उभे राहून कोणी करू शकेल काय? तिच्या बाबतीत रोजचे नेसणे ही शिक्षेची रोजची उजळणी होती.

म्हणूनच महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीच्या दहनाच्या त्या परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून जे सांगितले त्याचे महत्त्व वेशभूषेपुरते नाही. जातीची खूण म्हणून गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेली लुगडी आणि अंगभर लादलेले कथलाचे व चांदीचे दागिने सोडा, इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा, वस्त्र फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय होता. हा उपदेश सभेला जाताना काय नेसावे याविषयीचा नव्हता. शेतात, पाणवठ्यावर आणि स्वतःच्या झोपडीत काय नेसावे याविषयीचा होता. आलवण नेसणारी आणि लुगडे घोट्यापर्यंत नेसू लागलेली, दोघीही रोज सकाळी वस्त्रच लावतात. एकीच्या हातात निर्णय नाही, दुसरीने तो नुकताच हातात घेतला आहे. नैतिक फरक वस्त्रात नाही, या हातात आहे.

गांधींनी नेमकी उलट दिशा धरली. अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजच्या इमारतीचे उद्घाटन करण्यासाठी ते १३ फेब्रुवारी १९२१ रोजी करोल बागेत आले तेव्हा त्यांच्या अंगावर अजून पुरे कपडे असत. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला, आणि पुढे १९३१ साली बकिंगहॅम राजवाड्यातही ते तसेच गेले. घरचा वेश आणि बाहेरचा वेश हा भेदच त्यांनी पुसून टाकला. एकाने वस्त्र वाढवण्यास सांगितले, दुसऱ्याने स्वतःचे कमी केले. मात्र ज्याच्याजवळ पुरे वस्त्र होते त्यालाच ते उतरवून काही बोलता आले, एवढे विसरता येणार नाही.

या थोरांच्या मानाने गाऊनचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण गेल्या तीन-चार दशकांत शहरी मराठी घरातल्या बाईच्या वेशात जो सर्वांत मोठा बदल झाला तो हाच. साडीच्या ओझ्यातून सुटका करणारा, धुवायला सोपा, उन्हाळ्यात हवेशीर. दिल्लीच्या मे महिन्यात बंद स्वयंपाकघरात पाच वार सुती कापड गुंडाळून उभे राहण्यात कोणता आत्मसन्मान आहे, हे सांगणाऱ्यांनी एक दुपार तेथे पोळ्या लाटून पाहाव्यात. मात्र दाराची घंटा वाजली की त्याच गाऊनवर खुंटीवरची ओढणी घाईघाईने येते. दूधवाला असो, गॅसची टाकी आणणारा असो की वरच्या मजल्यावरचे काका असोत. ओढणी घेण्याची ती क्रिया क्षणाची असते. तिच्यात संकोच किती, सवय किती आणि भीती किती, हे त्या बाईलाही वेगवेगळे करून सांगता येणार नाही. पुरुषाला बनियनवर दार उघडताना खुंटीकडे हात न्यावा लागत नाही. निवृत्त कारकुनाच्या इस्त्रीच्या सदऱ्याचे कौतुक करताना तो सदरा कोणी धुतला आणि खालच्या इस्त्रीवाल्याकडे कोणी नेऊन दिला हेही विचारले पाहिजे. आणि तो नेऊन देणारी स्वतः गाऊनमध्येच असेल, तर घराच्या प्रतिष्ठेचे हे वाटप कसे झाले, याचाही हिशोब कधीतरी मांडावा लागेल.

आवरणारा आणि ज्याचे आवरायचे तो, हे दोघे एकच आहेत असे गृहीत धरून येथवर विचार झाला. नेहमी तसे नसते. करोल बागेतल्या एखाद्या घरात अंथरुणाला खिळलेली, दिवस आणि वार विसरलेली, मुलाला भाऊ समजणारी वृद्ध आई असते. तिला पुढून उघडणारा गाऊन घालणे सोयीचे. कूस बदलताना त्रास होत नाही, पाठीला जखमा होत नाहीत, स्वच्छता लवकर उरकते. तिचे सारे करणारी सून हेच म्हणते, आणि तिचे म्हणणे खरे आहे. मुलगा म्हणतो, आई उभ्या आयुष्यात साडी नेसून आवरल्याशिवाय पुढच्या खोलीत आली नाही. तिला असे ठेवणे बरे दिसत नाही. 'तिला आता काय कळतंय, अहो,' हे सुनेचे उत्तर कठोर नाही, थकलेले आहे. आणि 'बरे दिसत नाही' यातले दिसणे नक्की कोणाच्या डोळ्यांचे, हे मुलाला विचारले तर त्याला सांगता येत नाही. दोघांच्याही बाजूने बोलता येते. जिला स्वतःची प्रतिष्ठा आठवत नाही तिची प्रतिष्ठा कोणाच्या स्वाधीन असते? तिच्या जुन्या इच्छेच्या, की तिच्या आजच्या कातडीच्या? कातडी दुखते, आणि दुखणे हे आजचे असते. तेव्हा प्रथम मान कातडीचाच. पण प्रथम म्हणजे केवळ, असे नव्हे.

मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, पागोटे बांधतात, दागिना लेतात आणि शाल पांघरतात; प्रत्येक वस्त्राचे देहाशी नाते वेगळे म्हणून क्रियापद वेगळे. जे नेसवता येत नाही ते पांघरता येते. सकाळी अंग पुसून, केस विंचरून झाले की त्या घरातली सून धुतलेली सुती साडी चौपदरी घडी करून गाऊनवरून छातीपासून पायांपर्यंत घालते आणि काठ खांद्यापाशी नीट करते. दुपारी ती काढून ठेवते. इस्त्रीवाल्याच्या गाठोड्यात आठवड्याला तशा तीन-चार साड्या असतात, आणि जी बाई जिन्यावरून उतरत नाही तिच्या साड्यांना इस्त्री कशाला, हे तोही आता विचारत नाही. खाली दाराची घंटा वाजते तेव्हा म्हातारीची बोटे कधीकधी हलतात, काठ शोधतात आणि तो गळ्यापर्यंत वर ओढून घेतात.