रुक्मीची मदत

आजचं चिंतन उद्योगपर्वातलं.

रुक्मी सैन्य घेऊन पांडवांकडे आला. घाबरला असशील तर मी आहे, असा त्याचा सूर. अर्जुनाने ती मदत नाकारली. त्यात करुणा कमी, मिरवणं जास्त होतं. श्रीकृष्णांनी मात्र आधी शिष्टाई केली, मगच सारथ्य. तेही शस्त्र न धरण्याचं ठरवून.

पण नुसता हेतू चांगला असून भागतं का? १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेतल्या यादवीत शांतता राखायला गेली. काही महिन्यांतच तिला लिट्टेशी लढावं लागलं. १९९० मध्ये सेना परतली, सुमारे १,२०० जवान परतले नाहीत.

मग शेजारी रक्त सांडताना गप्प बसायचं? नाही. पण सैन्य पाठवण्याआधी विचारायचं: शिष्टाई खरंच संपली का? आणि परतायची वाट माहीत आहे का?

हरि ॐ.