दया कोणाच्या जिवावर?

कसारा घाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस एक गोष्ट ठाऊक आहे. घाट चढणाऱ्या कित्येक गाड्यांना कसारा स्थानकावर मागून जादा इंजिनें लावितात. आणि उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकांची आधीं खात्री करून घेतात. चढणाऱ्यास हातभार व उतरणाऱ्यास आवर, हीं दोन्ही त्याच एका वाटेवर लागतात. खुनाची शिक्षा भोगीत असतां घरीं येणाऱ्या मनुष्याविषयीं विचार करितांना हा दाखला मनांत ठेवावा.

प्रश्न असा कीं, ज्यानें आपल्याच घरच्या माणसाचा जीव घेतला, त्यास पुन्हां घराचा उंबरठा ओलांडूं द्यावा काय? कोणी म्हणतात, "पश्चात्ताप झाला, आतां पुरे." कोणी म्हणतात, "ज्यानें एकदां रक्त सांडलें, तो पुन्हां सांडील." दोन्ही उत्तरें सोपीं आहेत, म्हणूनच तीं अपुरीं आहेत.

गुलबर्गा जिल्ह्यांतील साईबण्णा नामक इसमानें १९८८ सालीं आपल्या पहिल्या बायकोचा खून केला. पुढें त्यानें दुसरें लग्न केलें व त्यास एक कन्या झाली. १९९३ सालीं त्यास जन्मठेप झाली. १९९४ सालीं तो एका महिन्याच्या पॅरोलवर बाहेर आला; आणि त्या मुदतींत बायकोच्या वर्तनाचा संशय घेऊन त्यानें ती व तिचें तान्हें मूल, दोघांसही ठार केलें. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची फांशी कायम केली. बेळगांवच्या हिंडलगा तुरुंगांत तो पुष्कळ वर्षें होता. २०१३ सालीं राष्ट्रपतींनीं त्याचा दयेचा अर्ज फेटाळिला. परंतु त्या अर्जाच्या निकालास फार विलंब झाला, म्हणून २०२३ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें फांशीची जन्मठेप केली.

अशा मनुष्याविषयीं कायद्याचाही निश्चय डळमळत आला आहे. १८६० च्या दंडसंहितेचें ३०३ वें कलम असें होतें कीं, जन्मठेपेच्या कैद्यानें खून केल्यास त्यास फांशीच द्यावी. १९८३ सालीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्यासह पांच न्यायाधीशांनीं तें कलम रद्द ठरविलें. कारण न्यायाधीशास मनुष्य व प्रसंग पाहण्यास त्यांत जागाच नव्हती. २०२४ सालीं अमलांत आलेल्या नव्या संहितेंत अशा अपराधास फांशी किंवा मरेपर्यंत कैद, असा पर्याय ठेविला आहे.

परंतु दुसरी बाजूही आपल्याच मुलखांतली आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ १९३९ सालीं स्वतंत्रपूर ही भिंतींवांचूनची कैद्यांची वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. तेथें खुनी माणसें विश्वासावर राहून शेती करूं लागलीं. शांताराम यांनीं १९५७ सालीं काढलेल्या 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटाचें मूळ तेंच. तेव्हां एका साईबण्णासाठीं सर्वांची रजा बंद करणें हा न्याय नव्हे. मरणाऱ्या आईचें मुख पाहण्यास, मुलाची ओळख न तुटण्यास ही रजा आहे.

मग भेद कोठें आहे? स्वतंत्रपुरांत विश्वासाबरोबर काम होतें, सोबत होती, देखरेख होती. साईबण्णा आला तो चार भिंतींच्या आड, एका स्त्रीच्या व एका लेंकराच्या हवालीं. दया सरकारनें केली; तिची किंमत त्या दोघांनीं दिली. जी दया आपण दुसऱ्याच्या जिवावर करितों, ती दया नव्हे, ती हयगय होय.

आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणें कैद्यास संचित रजा किंवा अभिवचन रजा मिळते, व नातलगास जामीन राहावें लागतें. कागदावर सही बहुधा भाऊ किंवा बाप करितो; परंतु रात्रीं त्याच घरांत निजावयाचें कोणास असतें? तिला एकटीला गांठून कोणी विचारितें काय? उपदेशक व मास्तर यांनीं येथें जपावें. "क्षमा कर," असें तिला सांगणें निराळें आणि "त्याच्या घरीं नांद," असें सांगणें निराळें. क्षमा तिची आहे. ती तिच्या वतीनें पंचांनीं देऊं नये. मेलेल्याची क्षमा तर कोणालाच देतां येत नाहीं. काइनाचा जीव देवानें राखिला, तरी त्यास त्या भूमीवर राहूं दिलें नाहीं.

म्हणून बंधुहो, असा मनुष्य आपल्या वाडींत आला तर दार लावूं नका. त्यास भावाकडे अगर मंडळींतील एखाद्या कर्त्या पुरुषाकडे उतरवा, भाताच्या खळ्यावर काम द्या, रोज सायंकाळीं त्याजपाशीं बसा. आणि त्याच्या बायकोनें "मला भय वाटतें" असें म्हटलें, तर तिला अविश्वासी म्हणूं नका. त्याच दिवशीं पोलीस पाटलास कळवा व तिला माहेरीं पोंचवा. मागून जोर आणि पुढें आवर, हीं दोन्ही असतील तरच तो घाट चढेल, आणि त्याच्या वाटेवर दुसरें कोणी चिरडलें जाणार नाहीं.